निर्लेखनाआधी

कार्यालयीन मराठीत काही शब्द असे आहेत, की रोजच्या वापरामुळे त्यांचा मूळ अर्थ कुणाच्या कानावर पडेनासा होतो. ‘निर्लेखन’ हा त्यांपैकी एक. महाविद्यालयातील एखादी वस्तू निरुपयोगी ठरली, की जडवस्तू नोंदवहीतून तिचे नाव कमी करतात. समिती नेमली जाते, यादी होते, सह्या होतात आणि वस्तू भंगारात जाते. एके काळी कुणीतरी काळजीपूर्वक लिहून ठेवलेले नाव न लिहिल्यासारखे करणे, असा या शब्दाचा सरळ अर्थ. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक आहोत. शब्दांचे अर्थ शोधणे हा आमचा व्यवसायच आहे. तरीही या शब्दाचा अर्थ आम्हांला कळला तो त्याखाली आमच्या सह्या होऊन गेल्यानंतर.

झाले ते असे. निर्लेखन समितीवर संबंधित विभागाबाहेरचे सदस्य असावेत, या हेतूने आमच्या महाविद्यालयाने भौतिकशास्त्र विभागाच्या जुन्या साहित्यासाठी आम्हां दोघांना नेमले. यादी आली. ‘टॅन्जंट गॅल्व्हॅनोमीटर, नादुरुस्त’, ‘पोस्ट ऑफिस बॉक्स, कालबाह्य’, ‘पोटेन्शिओमीटर, तार तुटलेली’, अशा नोंदी होत्या. भौतिकशास्त्राशी आमचा संबंध बारावीनंतर संपलेला. कपाट उघडून पाहण्याची तसदी आम्ही घेतली नाही. तज्ज्ञांनी निरुपयोगी म्हटले आहे, तेव्हा आपण कोण विचारणार, असे म्हणून सह्या करून मोकळे झालो.

चार दिवसांनी विभागामागच्या मोकळ्या जागेत भंगारवाल्याचा काटा लागला होता. पितळ वेगळे, तांबे वेगळे, लाकूड वेगळे असे ढीग पडले होते. एका लाकडी पेटीवरील पितळी ठोकळे पटाशीने उपटून काढले जात होते. निवृत्तीला आलेले प्रयोगशाळेतील मामा कठड्यापाशी उभे राहून ते पाहत होते. एका पितळी कड्याकडे बोट दाखवून ते आम्हांला म्हणाले, “ती चालू होती, मॅडम. तिला फक्त लाकडाचं टेबल पाहिजे होतं.”

या वाक्याचा अर्थ तेव्हा आम्हांला लागला नाही. उपकरणाला कोणत्या टेबलावर ठेवले याने काय फरक पडतो? पुढे भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याला गाठून आम्ही तो समजून घेतला. अजून न विकल्या गेलेल्या वस्तूंचे एक कपाट शिल्लक होते, आणि त्याची दुसरी यादी आमच्याच समितीपुढे यायची होती. त्या कपाटासमोर घालवलेल्या काही दुपारी आमच्या या लेखाला कारण झाल्या. विज्ञानाचे अध्यापक न होता विज्ञानाच्या उपकरणांविषयी लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. त्यात चूक आढळल्यास ती आमची समजावी, आमच्या त्या सहकाऱ्याची नव्हे.

टॅन्जंट गॅल्व्हॅनोमीटर हे दिसायला अगदी साधे उपकरण आहे. एक उभे गोल कडे, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, कड्याच्या मध्यभागी आडव्या डबीत एक लहानशी चुंबकसूची आणि तिला काटकोनात जोडलेला ॲल्युमिनियमचा लांब काटा. काट्याखाली आरसा असतो. काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक दिसतील अशा बेताने डोळा धरला, म्हणजे वाचन तिरके होत नाही. तारेतून विद्युतप्रवाह नसतो तेव्हा सूची उत्तर-दक्षिण दिशेत स्थिर असते, कारण तिच्यावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अंमल असतो. कड्याची पातळी त्या दिशेत आणून प्रवाह सोडला, की तारेचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र पूर्व-पश्चिम दिशेत निर्माण होते. दोन्हींच्या ओढीत सूची मधल्या एका कोनात स्थिरावते. त्या कोनाचे टॅन्जंट हे गुणोत्तर प्रवाहाच्या प्रमाणात वाढते, आणि काटा 45 अंशांवर थांबला तर दोन्ही क्षेत्रे समान आहेत असे समजावे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ क्लोद पुईये याने 1837 मध्ये या तत्त्वावर प्रवाह मोजून दाखवला.

म्हणजे हे उपकरण विद्युतप्रवाहाची तुलना थेट पृथ्वीशी करते. तारेचे 50 वेढे आणि कड्याची त्रिज्या 8 सेंटीमीटर असेल, तर महाराष्ट्रात काटा 45 अंशांवर आणण्यासाठी सुमारे 0.1 अँपिअर प्रवाह लागेल. तेच उपकरण लंडनला नेले तर त्याच्या जवळजवळ निम्म्या प्रवाहात काटा तेथवर जाईल, कारण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक तेथे आपल्याकडच्या सुमारे निम्माच आहे. प्रयोगाच्या वहीत आकडा लिहिताना आपण कोठे उभे आहोत हे विचारात घ्यायला लावणारे दुसरे उपकरण प्रयोगशाळेत क्वचितच असेल.

मामांच्या वाक्याचा उलगडा येथे होतो. प्रयोगशाळेचे नूतनीकरण झाले तेव्हा जुनी सागवानी टेबले गेली आणि लोखंडी सांगाड्याची नवी टेबले आली. विद्यार्थ्यांच्या खिशात मोबाइल आले, आणि मोबाइलच्या ध्वनिक्षेपकात चुंबक असतो. सूची या सर्वांना प्रतिसाद देऊ लागली. वाचने जुळेनात, म्हणून उपकरणावर ‘नादुरुस्त’ असा शिक्का बसला. वास्तविक ते आपल्या भोवतालच्या लोखंडाची खरी बातमी देत होते.

याच अडचणीची एक मोठी आवृत्ती आपल्या मुंबईच्या इतिहासात आहे. कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे घेतली जात. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले होते, हे आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम धावणार असे ठरले. तारांमधून व रुळांमधून जाणाऱ्या प्रवाहामुळे कुलाब्याची नाजूक उपकरणे बिघडलेली वाचने देणार, हे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. अलिबाग येथे अचुंबकीय साहित्याने नवी वेधशाळा बांधण्यात आली आणि 1904 मध्ये ती सुरू झाली. विजेची ट्राम मुंबईत 1907 मध्ये धावू लागली. तोवर दोन्ही ठिकाणी काही काळ समांतर निरीक्षणे घेऊन जुन्या व नव्या नोंदींचा सांधाही जुळवून घेण्यात आला होता. भोवताल बदलला तेव्हा मूस यांनी उपकरणाला दोष दिला नाही, त्याच्यासाठी योग्य जागा शोधली. आमच्या समितीला एक लाकडी टेबल शोधायचे होते, तेवढेही आम्ही केले नाही.

यावर कोणी म्हणेल, ठीक आहे, उपकरण चालू होते; पण त्याची गरज काय? हातात मावणारा डिजिटल मीटर तोच प्रवाह क्षणात आणि अधिक अचूक दाखवतो. हा आक्षेप रास्त आहे. मोजमापाचेच काम असेल तर डिजिटल मीटरच वापरावा, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु प्रयोगशाळा हे काही केवळ मोजमापाचे दुकान नव्हे. तेथे विद्यार्थ्याला एखादे विधान खरे का मानावे हे शिकायचे असते. या दृष्टीने आमच्या सहकाऱ्याने दाखवून दिलेली एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

पदवीच्या वर्गाला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने शाळेत ओहमचा नियम पडताळून पाहिलेला असतो: विभवांतर आणि विद्युतप्रवाह एकमेकांच्या प्रमाणात असतात. हा प्रयोग आता डिजिटल मीटरने करतात. पण डिजिटल मीटर प्रवाह मोजतो कसा? त्याच्या आत ठाऊक मूल्याचा एक लहानसा रोध असतो. त्या रोधाच्या दोन टोकांमधील विभवांतर मीटर मोजतो आणि ओहमच्या नियमाने भागाकार करून प्रवाहाचा आकडा दाखवतो. म्हणजे ओहमचा नियम पडताळण्यासाठी आपण ज्याची साक्ष काढतो, तो साक्षीदार ओहमच्या नियमावर विसंबूनच बोलत असतो. प्रयोग त्यामुळे अगदीच व्यर्थ ठरतो असे नाही. आपण तपासतो ती तार वेगळी असते आणि मीटरमधला रोध वेगळा. मात्र मूळ नियम पहिल्यांदा कोणी कसा ठरवला असेल, या प्रश्नाला या मांडणीत जागाच उरत नाही. टॅन्जंट गॅल्व्हॅनोमीटर प्रवाह मोजतो तो त्याच्या चुंबकीय परिणामावरून. त्याला ओहमच्या नियमाची गरज पडत नाही. त्याची साक्ष स्वतंत्र असते.

खुद्द गेओर्ग ओहमने हेच केले होते. 1826 मध्ये तो कोलोन येथील शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवीत होता. त्याच्यापाशी अ‍ॅमीटर नव्हता, व्होल्टमीटर नव्हता. ती उपकरणे अजून जन्माला यायची होती. तेव्हाच्या विद्युतघटांचा प्रवाह सतत कमीजास्त होई. म्हणून पोगेन्डॉर्फच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ आणि तांबे यांच्या सांध्यांचे युग्म वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने स्थिर, म्हणून प्रवाहही स्थिर. प्रवाह मोजण्यासाठी त्याने धातूच्या बारीक पट्टीला टांगलेली चुंबकसूची घेतली आणि तिला मूळ जागी आणण्यासाठी ती पट्टी किती पिळावी लागते ते पाहिले. वेगवेगळ्या लांबीच्या तारा घालून त्याने आकडे मिळवले आणि त्यांतून नियम काढला. 1827 मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. ज्याने आयुष्यात चुंबकसूची थरथरत स्थिर होताना पाहिली आहे, त्याला ओहमचे हे सारे द्राविडी प्राणायाम कशासाठी होते ते कळते. ज्याने फक्त आकडा उमटताना पाहिला आहे, त्याला ती नुसती एका जुन्या माणसाची गैरसोय वाटते.

त्यातच एक आणखी गोष्ट लक्षात घ्यावी. विद्युतप्रवाहामुळे चुंबकसूची वळते हे हान्स क्रिस्टियन ओर्स्टेडच्या नजरेस आले ते 1820 च्या वसंतात कोपनहेगन येथे वर्गात व्याख्यान देत असताना. परिणाम फार क्षीण होता. पुढे अधिक प्रबळ विद्युतघट वापरून त्याने प्रयोग पुन्हा केले आणि 21 जुलै 1820 रोजी लॅटिनमध्ये चार पानांचे टिपण प्रसिद्ध केले. ओहम शाळामास्तर, ओर्स्टेड वर्गात उभा राहिलेला प्राध्यापक. या उपकरणांचा वंशच मुळी अध्यापनातून आलेला आहे. ती संशोधनाच्या उपकरणांची हलकी नक्कल आहेत, असे समजण्याचे कारण नाही.

कपाटातील दुसरी वस्तू ‘पोस्ट ऑफिस बॉक्स’. आमच्या विज्ञानशाखेच्या काही विद्यार्थ्यांना आम्ही विचारले, की या पेटीचा पोस्टाशी संबंध काय? एकालाही सांगता आले नाही, आणि आम्हांलाही ते ठाऊक नव्हते. ही पेटी म्हणजे व्हीटस्टन सेतूचे आटोपशीर रूप. पितळी ठोकळ्यांच्या मधल्या खाचांत निमुळते प्लग बसवलेले असतात, आणि प्लग काढला की त्या खाचेखालचा रोध मंडलात येतो. काढल्याने वाढते, घातल्याने कमी होते, हा उलटा व्यवहार पहिल्या दिवशी प्रत्येकाला चकवतो. ब्रिटनमध्ये 1870 पासून तारायंत्र पोस्ट खात्याकडे आले. तारमार्गाचा रोध मोजण्यासाठी आणि तार कोठे तुटली किंवा जमिनीला टेकली हे शोधण्यासाठी त्या खात्याला उचलून नेण्याजोगी पेटी हवी होती; तेच हिचे नाव. सेतूची कल्पना मात्र त्याआधीची. 1833 मध्ये सॅम्युएल हंटर क्रिस्टी याने ती मांडली, 1843 मध्ये चार्ल्स व्हीटस्टनने ती लोकांपुढे आणली आणि श्रेय क्रिस्टीचे असल्याचेही सांगितले. तरी नाव राहिले ते व्हीटस्टनचेच. वाङ्मयाच्या इतिहासात असे प्रकार आपण नेहमी पाहतो. ते विज्ञानातही घडतात, हे एका पेटीवरून वर्गात बोलता येते. भारतातील तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. ‘तार आली’ या दोन शब्दांनी घरात होणारी धडधड ज्यांनी अनुभवली, त्यांच्या आणि आजच्या विद्यार्थ्यांच्या मध्ये ही पेटी हा कदाचित शेवटचा स्पर्श करता येणारा दुवा असेल.

तिसरी वस्तू आरशाचा गॅल्व्हॅनोमीटर. यात काट्याऐवजी टांगलेल्या सूचीला किंवा वेटोळ्याला एक चिमुकला आरसा चिकटवलेला असतो. दिव्याचा किरण त्यावर पडून समोरच्या मोजपट्टीवर प्रकाशाचा ठिपका उमटतो. आरसा किंचित वळला तरी किरण दुप्पट कोनातून वळतो आणि ठिपका पट्टीवर लांबवर सरकतो. प्रकाशाला वजन नसल्यामुळे असा ‘काटा’ कितीही लांब करता येतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1858 मध्ये हे तंत्र अटलांटिक महासागराखालच्या तारेवर वापरले. अतिशय क्षीण संकेतही ओळखता यावेत, ही त्यांची भूमिका. त्याच योजनेवरचे दुसरे अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांचा मात्र जोर होता तो अधिक दाब देण्यावर. सुमारे 2000 व्होल्टचा दाब त्यांनी तारेवर टाकला. आधीच सदोष असलेली ती तार सुमारे तीन आठवड्यांत मुकी झाली. मोठ्याने ओरडण्यापेक्षा कान तिखट करावा, हा त्यातला धडा त्या चिमुकल्या आरशात साठवलेला आहे. 1866 मध्ये टिकाऊ तार पडली.

पोटेन्शिओमीटर या चौथ्या वस्तूविषयी थोडक्यात सांगतो. लांब फळीवर पुढे-मागे ताणलेली दहा मीटर तार, एवढेच ते उपकरण. कोणत्याही विद्युतघटाचे बल व्होल्टमीटरने मोजू गेले, की मीटर स्वतः चालण्यासाठी घटाकडून थोडा प्रवाह घेतो आणि त्यामुळे मोजायचे ते मूल्यच किंचित खाली येते. पोटेन्शिओमीटरमध्ये तारेवर असा बिंदू शोधतात, की जेथे घटाचा जोर आणि तारेवरचे विभवांतर एकमेकांना तोलून धरतात. त्या क्षणी घटाकडून काहीच घेतले जात नाही. गॅल्व्हॅनोमीटरचा काटा शून्यावर असतो आणि ते शून्य हेच उत्तर. आजच्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध बहुधा एक कोटी ओहम असतो, त्यामुळे तोही जवळजवळ काही घेत नाही, आणि व्यवहारात हे पुरेसे आहे. पण मोजण्याच्या कृतीने मोजली जाणारी गोष्ट बदलते, हा विचार मुळात डोक्यात शिरावा कसा? तारेवर जॉकी सरकवीत शून्य शोधणाऱ्या बोटांना तो आपोआप समजतो.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते हलके नाहीत. आमच्या सहकाऱ्याने प्रथमच बजावले, “तुम्हांला पितळ आवडतं, कारण तीन तासांत वीस विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक तुम्हांला उरकायचं नसतं.” हे खरे आहे. सूची स्थिर होण्याची वाट पाहण्यात तास जातो. अभ्यासक्रमात इलेक्ट्रॉनिक्स आहे, संगणक आहे. नोकरीच्या बाजारात टॅन्जंट गॅल्व्हॅनोमीटर कोणी विचारणार नाही. जागा थोडी आहे आणि नवे साहित्य ठेवायचे तर जुने हलवावे लागते. शिवाय यांतील काही वस्तू धोकादायक आहेत. प्रमाण म्हणून वापरल्या जाणाऱ्या वेस्टन घटात पारा आणि कॅडमियम असते. जुन्या तारांवरचे कापडी आवरण कुजलेले असते. रूमकॉर्फच्या प्रवर्तन वेटोळ्यावर निर्वात नळी चालवली तर क्ष-किरणही निघू शकतात. अशा वस्तू जाणकाराने तपासल्याशिवाय विजेला जोडू नयेत, आणि काहींची रीतसर विल्हेवाटच लावली पाहिजे. या वस्तू दुर्मीळ आहेत असाही आमचा दावा नाही. आमच्या कपाटातील बहुतेकांवर अंबाल्याच्या कारखान्यांच्या पट्ट्या आहेत. लिलावात त्यांना कोणी विचारणार नाही.

हे सर्व मान्य करूनही आम्ही म्हणतो, की प्रत्येक प्रकारातील एक नग ठेवावा आणि तो चालता ठेवावा. यामागे दुर्मीळतेचा विचार नाही. या उपकरणांचा अंतर्भाग उघडा असतो, आणि त्यांनी दिलेल्या उत्तरामागची युक्ती डोळ्यांना दिसते, हे त्यामागचे कारण आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल 1871 मध्ये केंब्रिजला प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हाच्या आपल्या उद्घाटनपर व्याख्यानात त्यांनी याच आशयाचे सांगितले होते. सतत बिघडणाऱ्या घरगुती उपकरणावर काम करणारा विद्यार्थी पुष्कळदा अधिक शिकतो, कारण सुबक, नेमक्या उपकरणावर माणूस डोळे झाकून विश्वास टाकतो आणि ते खोलून पाहायला धजत नाही. हे बोलणारे मॅक्सवेल होते, ज्यांच्या देखरेखीखाली उभी राहिलेली कॅव्हेन्डिश प्रयोगशाळा 1874 मध्ये सुरू झाली. त्यांना कोणी नव्याचा द्वेष्टा म्हणणार नाही.

आमच्या विषयात आम्ही विद्यार्थ्यांना गाइड वाचू नका, मूळ संहिता वाचा, असे सांगत असतो. गाइडमध्ये उत्तर असते आणि ते बहुधा बरोबरही असते. तरीही आम्ही तसे सांगतो, कारण उत्तरापर्यंतचा रस्ता गाइडात नसतो. मग शेजारच्या विभागातील मूळ संहिता भंगाराच्या काट्यावर चढत असताना ‘तो आपला विषय नव्हे’ असे म्हणण्याचा आम्हांला काय अधिकार होता?

जगात इतरत्र विद्यापीठांनी हे भान राखल्याची उदाहरणे आहेत. पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठात 1772 च्या सुधारणांनंतर उभारलेले भौतिकशास्त्राचे उपकरण-दालन आजही जपलेले आहे. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अध्यापन करीत असताना घडवलेली उपकरणे त्यांनीच 1917 मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने सांभाळली आहेत. आणि एक उदाहरण नाशाचेही आहे. व्होल्टाच्या विद्युतघटाला शंभर वर्षे झाली म्हणून 1899 मध्ये इटलीतील कोमो या त्याच्या गावी मोठे प्रदर्शन भरले. त्यात व्होल्टाची मूळ उपकरणे मांडली होती. जुलैत तेथे आग लागली आणि त्यांतील बरीचशी जळून गेली. पुढे वर्णनांच्या आधारे प्रतिकृती करण्यात आल्या. आगीतून वाचलेले आणि नव्याने घडवलेले असे दोन्ही आज कोमोच्या व्होल्टा मंदिरात पाहायला मिळते. वस्तू गेली तरी तिचे लेखन उरले होते, म्हणून हे शक्य झाले. आमच्या महाविद्यालयात आम्ही वस्तूही घालवली आणि तिचे लेखनही पुसले.

यासाठी मोठा निधी लागत नाही. आमच्या सूचना साध्या आहेत. निर्लेखनाच्या यादीतील प्रत्येक उपकरणाचे छायाचित्र घ्यावे; त्यावरील पट्टी, क्रमांक आणि खरेदीचे साल जुन्या नोंदवहीतून उतरवून ठेवावे. ‘नादुरुस्त’ लिहिण्यापूर्वी ते योग्य जागी ठेवून एकदा तपासावे. प्रयोगशाळेतील मामांसारख्या माणसांना समोर बसवून त्यांच्याकडून दुरुस्तीच्या खुब्या लिहून घ्याव्यात, कारण टांगणीची तार कशी बदलायची हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसते आणि ती माणसे निवृत्त होत आहेत. वर्षातून एक प्रात्यक्षिक असे ठेवावे, की ज्यात एकच प्रवाह जुन्या आणि नव्या, दोन्ही उपकरणांनी मोजला जाईल आणि दोन आकडे का जुळत नाहीत यावर विद्यार्थ्यांनी दोन पाने लिहावीत. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवणे हे भंगारापेक्षा बरे, पण त्याने अर्धेच काम होते.

आणि या कामात आम्हां मराठीच्या लोकांचाही वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरला बाळाजी प्रभाकर मोडक यांनी विज्ञानाची पुस्तके मराठीतून लिहिली. त्यांनंतरच्या पिढ्यांनी परिभाषा घडवली. ‘पोटेन्शियल’ला कोणी ‘वर्चस्’ म्हटले, कोणी ‘विभव’. प्रयोगशाळेत मात्र ‘डिफ्लेक्शन’, ‘जॉकी’, ‘नल पॉइंट’ हेच शब्द चालले आणि त्यांच्यासोबत एक सुटसुटीत, मिश्र, कामाची मराठी तयार झाली. ‘काटा अडकला’, ‘प्लग ढिला आहे’, ‘सूची मरू दे, मग वाच’. सूची स्थिर होण्याला ‘मरणे’ म्हणणारी ही बोली आम्हांला मामांच्या तोंडून प्रथम ऐकायला मिळाली. उपकरणे गेली की ती बोलीही जाईल, आणि तिची नोंद तर कोणत्याच नोंदवहीत नाही.

दुसरी यादी आता आमच्यापुढे आली आहे. तिच्यात आरशाचा गॅल्व्हॅनोमीटर आहे, एक पोस्ट ऑफिस बॉक्स आहे आणि पहिल्या खेपेत नजरचुकीने मागे राहिलेला एक टॅन्जंट गॅल्व्हॅनोमीटर आहे. या वेळी सही करण्यापूर्वी आम्ही कपाट उघडले. ग्रंथालयातून एक लाकडी टेबल मागून आणले, मोबाइल बाहेर ठेवले आणि मामांच्या सांगण्याप्रमाणे कडे उत्तर-दक्षिण लावले. आमच्या सहकाऱ्याने प्रवाह सोडला. काटा वळला, थोडा झुलला आणि 40 अंशांच्या जवळ थांबला. प्रवाह उलटा केल्यावर दुसऱ्या बाजूला तो जवळजवळ तेवढाच वळला. यादीतील त्या नोंदीपुढचा ‘नादुरुस्त’ हा शेरा आम्ही खोडला आहे आणि त्याखाली ‘चालू, लाकडी टेबलावर ठेवावे’ असे लिहिले आहे. समितीच्या बैठकीत त्यावर काय निर्णय होईल ते होवो. पहिल्या यादीखालच्या आमच्या सह्या मात्र आता खोडता येणार नाहीत.